तिरक्या कडा

दोन पाइप वेल्डिंगने जोडायचे, तर आधी त्यांच्या कडा तिरक्या घासाव्या लागतात. त्याचं मशीन आम्हाला कुठलं परवडायला! वेल्डिंगच्या स्पर्धेसाठी माझा सराव चालला होता, त्यासाठी बाबा भंगारातले पाइप आणायचे आणि रोज संध्याकाळी कानशीने घासून द्यायचे. उताराचं माप म्हणजे माझ्या जुन्या वहीचा तिरका कापलेला पुठ्ठा.

"बाबा, मी घासू का थोडं?"

"तू वेल्डिंग कर गं राणी. हमालीला मी आहे की!"

मलाही तेच हवं होतं. माझं वेल्डिंग असलं झकास व्हायचं की शाळेच्या वर्कशॉपमध्ये मी कॉलर ताठ करून फिरायचे.

स्पर्धेत प्रत्येकाच्या टेबलावर दोन सरळ कापलेले पाइप होते आणि एक कानस.

"कडा ज्याच्या त्याने घासायच्या," परीक्षक सर म्हणाले.

वेळ संपल्याची घंटा झाली, तेव्हा मी पहिलीच कड घासत होते.

घरी बाबा दारातच उभे होते, बोटं लोखंडाच्या भुग्याने काळी.

"काय गं, तिथल्या पाइपच्या कडा नीट घासलेल्या होत्या ना?"

"तुमच्यासारख्या नव्हत्या, बाबा."