जस्ताच्या गोळ्या

इराणातल्या शीराजजवळच्या खेड्यात सक्तीच्या लष्करभरतीचा शिपाई आला. सफदरला दारातून फरफटत बाहेर काढून त्याने विचारलं, "वीस वर्षांचा पोरगा कुठं दडवलायस?"

"हा काय उभा, सरकार. हाच खोदादाद!"

सदा तापाने फणफणलेलं ते दहा वर्षांचं दिसणारं पोर पाहून शिपायाने बंदुकीच्या दस्त्याने सफदरचे दोन दात पाडले. "थेरड्या, मला नातू दाखवतोस? पुढच्या साली येईन, तेव्हा खरा पोरगा हजर पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी खोदादादला तपासून शहरातले डॉक्टर म्हणाले, "नुसत्या कोरड्या रोटीवर वाढलाय. अंगात जस्त नाही, म्हणून वाढ खुंटलीय आणि साधा जंतूही याला लोळवतो. या गोळ्या द्या. ताप पळेल, वर्षभरात मिसरूड फुटेल."



सुजल्या तोंडाने सफदर म्हणाला, "गोळ्या राहू द्या, डॉक्टरसाहेब. ताप परवडला."