कुमुदचा नवा कान

"अहो, फोनमध्ये बोला ना. नुसती घरघर ऐकू येतेय," तव्यावरचं थालीपीठ उलटत कुमुद म्हणाली.

सदानंदने मुकाट्याने फोन तोंडाशी धरला. "लोणी दे जरा." फोनमधून तेच शब्द बातम्या देणाऱ्या बाईंच्या आवाजात बाहेर पडले, आणि कुमुदला लख्ख ऐकू आले.

शस्त्रक्रियेत तिच्या बहिऱ्या झालेल्या अंतर्कर्णात नव्या पेशी रुजवल्या होत्या. "पहिल्या आठवड्यात त्या जो आवाज ऐकतील, तेवढाच त्यांना जन्मभर कळेल," डॉक्टरीणबाईंनी सदानंदला बजावलं होतं. "तेव्हा तुम्हीच बोलत बसा."

तो आठवडा कुमुदला अजून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि सारखं गरगरायचं म्हणून डोळ्यांवर पट्टी होती. सदानंदने तिचा हात हातात घेतला खरा. पण उभ्या संसारात बायकोशी चार वाक्यं सलग न बोललेल्या माणसाला बोलायचं काय तेच सुचेना. दुसऱ्याच दिवशी त्याने टीव्हीवर बातम्या लावून दिल्या.

"शेजारच्यांच्या मेल्या टीव्हीने घात केला," कुमुद चुकचुकली. "नाहीतर तुम्ही बिचारे दिवसदिवस हात धरून बोलत होतात!"

सदानंदने हातातला घास ताटात परत ठेवला. त्याने फोन खाली ठेवला आणि तिच्या पाठीकडे बघत, स्वतःच्या आवाजात, सगळं सांगून टाकलं.

कुमुद वळली. तिने फोन उचलून त्याच्या हातात दिला.

"काय म्हणत होतात? यात सांगा."

सदानंदने फोन तोंडाशी नेला.

"थालीपीठ छान झालंय," बातम्यांच्या बाई म्हणाल्या.