वेल्डमारची तीन कुलपं

"चालणार नाही," ऑर्विल म्हणाला. "वेल्डमारच्या पहारेकऱ्यांकडे त्या साली उकळतं तेल नव्हतं. तटावरून तेल ओतण्याची पद्धत पुढच्या राजवटीत आली. तिसरा खंड पाहा."

गसनं बियरची बाटली टेबलावर आपटली. "ऑर्वी, दहा हजार राक्षस वेशीवर येऊन उभे आहेत, आणि तू मला तेलाचा इतिहास काय सांगतोस!"

"छापलेलं आहे ते."

अमेरिकेतल्या रसीन शहरातल्या त्या तळघरात या उत्तरावर अपील नव्हतं. ऑर्विल थोरसन आठवडाभर शाळेत लॅटिन शिकवी आणि दर रविवारी दुपारी इथे एका कल्पित राज्याचा खेळ चालवी. खेळाडूंनी एकेक पात्र घ्यायचं, त्याच्या वतीनं बोलायचं, फासे टाकायचे. पुढे काय घडलं ते सूत्रधार ऑर्विलनं सांगायचं. मात्र प्रकाशकानं या राज्याचा अधिकृत इतिहास चार खंडांत छापला होता, आणि त्याच्याशी विसंगत असं ऑर्विलच्या टेबलावर काही घडत नसे. धर्मग्रंथांना निदान अनेक भाष्यकार मिळतात आणि त्यांच्या भांडणांत माणसाला श्वास घ्यायला फट राहते. या ग्रंथाला एकटा ऑर्विल मिळाला होता.

पाखंडी म्हणावा असा एकच: रॉस्को. इतिहासात नव्वदी गाठणाऱ्या एका सरदाराला त्यानं चाळिशीतच विहिरीत ढकललं होतं, आणि फासेही त्याच्या बाजूनं पडले होते. ऑर्विलनं सरदाराला विहिरीतून वर काढलं आणि रॉस्कोला घरातून बाहेर. त्याला दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात ऑर्विलनं स्वतःच फोन करून त्याला परत बोलावलं, तेव्हा सगळ्यांनाच नवल वाटलं.

आज रॉस्कोनं दारातच बुटांवरचा बर्फ झटकला होता. प्रत्येक चालीआधी तो अदबीनं विचारत होता, "हे पुस्तकात बसतं ना, साहेब?" गस खो खो हसत होता. ऑर्विललाही तो टोमणाच वाटला, आणि बरं वाटलं. माणूस बदललेला नव्हता.

"क्रिंगल घ्या रे कोणीतरी," लोर्ना म्हणाली. "तुमचे राक्षस दोन मिनिटं थांबतील." बदामाचं सारण भरलेली ती गोल पेस्ट्री तिनं टेबलाच्या मधोमध सरकवली. लोर्ना मार्लिसची धाकटी बहीण. मार्लिस, ऑर्विलची बायको, गेल्या शरदात गेली. तिची खुर्ची कोणी हलवली नव्हती.

तिचं पात्रही तसंच होतं. तिल्डा, वेल्डमारची पाववाली, जिभेनं तिखट. मार्लिस गेल्यापासून दर रविवारी तिल्डाची दोन वाक्यं ऑर्विल बोले, आणि त्या वेळी लोर्ना खाली बघे.

दुसऱ्या खंडात वेल्डमारचा शेवट होता: 'किल्ल्या सांभाळणाऱ्या तिघांनी वेशीची तिन्ही कुलपं आतून उघडली. कारण अज्ञात. नगरात कोणी वाचलं नाही.' ते तिघे म्हणजे आजच्या खेळातली गस, लोर्ना आणि रॉस्को यांची पात्रं. एक कुलूप जरी बंद राहिलं, तरी वेस बंद राहणार होती.

इस्पितळात मार्लिसनं त्याचा हात धरला होता. "माझ्या तिल्डाला वाचव ना रे, ऑर्वी. कोणाला कळणार आहे?"

"छापलेलं आहे, मार्ली," तो म्हणाला होता. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता ऑर्विलला तिल्डा हवी होती. पण आज स्वतःच्या हातानं इतिहास वाकवला, तर तो तेव्हाही वाकवता आला असता हे सिद्ध होणार होतं, आणि त्या सिद्धतेसह जगणं त्याला शक्य नव्हतं. तो दुसऱ्या कोणीतरी मोडायला हवा होता. म्हणून तो फोन.

कॉफी ओतायला तो वर स्वयंपाकघरात गेला, तेव्हा रॉस्को मग घेऊन मागोमाग आला.

"आज तुझ्या मनाला येईल ते कर," ऑर्विल त्याच्याकडे न बघता म्हणाला. "मी अडवणार नाही."

रॉस्कोनं मग पुढे केला. "मला का बोलावलंस ते कळलंय मला. निश्चिंत राहा."

ऑर्विलनं त्याचा मग काठोकाठ भरला.

गुप्त निर्णयाची त्यांची रीत जुनी होती. रिकामा मग उपडा घालायचा आणि त्याखाली एक फासा ठेवायचा. काळा म्हणजे किल्ली फिरवली, पांढरा म्हणजे नाही. ऑर्विलनं पाठ फिरवली. चिनीमातीचा आवाज तीनदा आला.

"राक्षस वेशीशी आले," तो वळून म्हणाला. "तिल्डानं भट्टी पेटवली. म्हणाली, 'मेले आलेच आहेत तर पाव विकत घेऊन जाऊ देत.'"

या वेळी लोर्नानं मान खाली घातली नाही. ती त्याच्याकडेच बघत होती.

गसनं मग उचलला. काळा. "छापलेलं आहे," तो खांदे उडवून म्हणाला.

लोर्नानं उचलला. काळा. "पुरे आता, ऑर्वी," ती हळूच म्हणाली. "दर रविवारी तिचं बोलणं तुझ्या तोंडून... जाऊ दे तिला."

ऑर्विलनं मान डोलावली. एकच कुलूप पुरेसं होतं. तो रॉस्कोकडे वळला आणि मार्लिस गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या टेबलावर हसला.

रॉस्कोनंही हसून मग उचलला. फासा काळा होता.

"बघ," तो म्हणाला, "या खेपेला मी पुस्तकाबाहेर गेलो नाही. आता पुढच्या रविवारी येऊ ना?"