लाल गालिचा

“फुलवंताबाई, सर्व्या बायास्ले उठाडा नि त्या निंबना सावलीमा बसाडा. तासभर आठे कोनी दिसाले नको,” नवनीत म्हणाला.

नंदुरबारबाहेर त्याच्या वडिलांची, हिंमतरावांची, मिरचीची पथारी होती. तीन एकर उघड्या जमिनीवर लाल मिरची वाळत पडलेली. वीस बाया तोंडाला फडकं गुंडाळून सकाळपासून ती उलथत होत्या. आता त्यांना उठायचं होतं, कारण गावातल्या एका ठेकेदाराच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि लग्नाआधीचा व्हिडिओ त्याला मिरचीवर काढायचा होता. लोक समुद्रावर जातात, डोंगरावर जातात. हा मिरचीवर आला. व्हिडिओत वडिलांच्या पेढीचं नाव ठळक दिसलं पाहिजे, एवढ्याच अटीवर नवनीतनं पथारी त्याच्या हवाली केली होती.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. याच्या तर बुटांनाही टिकल्या लावलेल्या होत्या. तो तसाच तरातरा पथारीवर निघाला. फुलवंताबाई पथारीची मुकादम. दर हंगामाला सातपुड्यातून बायांची टोळी घेऊन ती खाली उतरायची, आणि आपल्या चपला कडेला काढल्याशिवाय तिनं कधी मिरचीत पाय घातला नव्हता.

“भाऊ, त्याले बूट काढाले सांगा. खावानी चीज शे ती,” ती हळूच म्हणाली.

“व्हिडिओमा पाय कोन देखस, बाई?” नवनीत हसला.

मग ड्रोन उडाला आणि गाणं लागलं. नवरदेव मिरचीवर नाचला, गिरक्या घेतल्या, पाय घसरून एकदा आपटलाही. ओंजळी भरभरून त्यानं मिरची नवरीवर उधळली. नवरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं पाणी मागितलं. कॅमेरावाला म्हणाला, “असंच राहू द्या मॅडम, फार इमोशनल येतंय.” ती बिचारी तशीच उभी राहिली.

हिंमतराव पेढीच्या ओट्यावरून हा तमाशा बघत होते.

“आपले मिरची इकनी शे, का नाच दखाडना शे?” त्यांनी विचारलं.

“आबा, आते जग मोबाईलमाच माल देखस,” नवनीत म्हणाला.

हिंमतरावांनी विषय सोडून दिला. पोरगं शिकलेलं, त्यात एकुलतं एक. शिवाय त्यांनीच शब्द दिला होता, की पथारीवरचा सगळा माल एखाद्या मोठ्या कंपनीला घालून दाखव, त्याच दिवशी पेढी तुझ्या नावावर करतो. नवनीतनं पुण्याची एक मसाला कंपनी गाठलीही होती. कंपनीचे खरेदी अधिकारी अजित साहेब आठवड्यापूर्वी येऊन मिरची मोडून, हुंगून, जिभेवर ठेवून गेले होते. नमुना सोबत नेला होता. सोमवारी कळवतो म्हणाले होते. तेवढ्या एका फोनवर नवनीतचं सगळं अडलं होतं.

व्हिडिओ शुक्रवारी सुटला. ‘नंदुरबारचा लाल गालिचा’ असं त्याला नाव दिलं होतं आणि खाली पेढीचं नाव, गाव आणि फोन नंबर. रात्रीपर्यंत वीस हजारांनी पाहिला. शनिवारी दोन लाख झाले. नवनीतला घास गिळवेना. ताटाशेजारी मोबाईल ठेवून तो भाकरी कमी आणि आकडे जास्त खाऊ लागला. नवरीचे डोळे पाहून लोकांनी खाली लिहिलं होतं, खरं प्रेम असंच असतं. मार्केट यार्डात ज्यांनी कधी रामराम घातला नव्हता, ते त्याला ‘गालिचावाले शेठ’ म्हणून हाका मारू लागले. एवढा मान हिंमतरावांना चाळीस वर्षं उन्हात काढूनही मिळाला नव्हता, आणि हे नवनीतनं त्यांना दोनदा बोलूनही दाखवलं. अक्कल नसली की माणसाला लाज वाटायचं कारण उरत नाही.

सोमवारी सकाळी आकडा दहा लाखांवर गेला. आता नवनीतला दम निघेना. त्यानं स्वतःच्या हातानं व्हिडिओ अजित साहेबांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘साहेब, आपला माल दहा लाख घरांत पोहोचला.’ पाच मिनिटांत साहेबांचा फोन आला. आबांना ऐकू जावं म्हणून त्यानं स्पीकर लावला.

“पाहिला का, साहेब?”

“शनिवारीच पाहिला. आमच्या मालकांच्या सुनेनं घरात सगळ्यांना दाखवला.”

नवनीतनं वडिलांकडे बघून भुवया उडवल्या.

“नमुन्याचा रिपोर्टही आलाय,” साहेब म्हणाले. “रंग, तिखटपणा, सगळं उत्तम. कागद तयार होते, सही तेवढी बाकी होती.”

“होती म्हणजे, साहेब?”

“मालक म्हणाले, ज्या मिरचीवर लोक बूट घालून लोळतात, तिचं तिखट आपल्या पाकिटात भरायचं नाही. नाव, गाव, सगळं तुम्हीच खाली लिहिलंय.”

नवनीत मोबाईलवर ओणवला. हिंमतरावांनी मान खाली घातली.

“साहेब, पायाखालचा थोडा माल बाजूला काढतो. आणि व्हिडिओ आत्ता, या क्षणाला काढून टाकतो. कुणाला दिसणार नाही.”

मग अजित साहेब शांतपणे म्हणाले,

“शंभर-दोनशे लोकांनी पाहिला असता, तर मीच म्हणालो असतो, काढून टाका. तुम्ही दहा लाखांना दाखवलात, नवनीतशेठ.”