पालींची खोली

आमच्या धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी डॉक्टरांनी यांना जेमतेम सहा महिने सांगितले. यांनी घरी येऊन बागेतली अवजारांची जुनी खोली रिकामी केली, अर्धे पत्रे काढून वर बारीक जाळी ठोकली आणि घरातल्या सगळ्या पाली झाडूने डब्यात लोटून तिथे नेऊन सोडल्या.

“आपण बोलताना पाल चुकचुकली की ते खरं होतं. आता मी दिवसभर एकच बोलणार.”

मग दारात खुर्ची टाकून जप सुरू झाला, “धाकटीचं मूल मी खेळवणार.” पाली गप्प. चौथ्या दिवशी मला हसू आवरेना. “अहो, पालींच्या भरवशावर कुणी जगत नसतं.”

लगेच पाल चुकचुकली.

मी जीभ चावली. हे मात्र टुणकन उठले. “अगं, म्हातारी पाल आहे, तिला उशिरा ऐकू जातं. ते माझ्या वाक्याला होतं.” आणि खुर्चीभोवती नाचायला लागले. मग मीही नाचले.

पुढे नातीला कडेवर घेऊन हे रोज पाली दाखवायचे. ती पहिलीत गेली त्या वर्षी, पौषात, हे वारले.