सरावाचे चेंडू

बेसबॉलच्या कॉम्प्युटर गेममधला राखीव पिचर बाकावर बसल्या बसल्या थकत होता.

नियम साधा होता. सरावाला टाकलेल्या प्रत्येक चेंडूमागे पिचरचा दम एकाने उतरायचा. बसवला की हळूहळू भरून यायचा. हे बरोबर चालतंय, अशी सही केली की गेम तपासणारा सुटणार होता. उद्या सकाळी ताईचं ऑपरेशन होतं.

त्याने पिचरला अकराव्यांदा बसवलं. दम एकोणतीस. मग अठ्ठावीस.

"अगं, हा बसूनही थकतोय."

"थकलायस तू," शेजारची प्रोग्रामर म्हणाली. "डोळे बघ, बटाटे झालेत. सही कर आणि पळ ताईकडे."

"एकदा बघ तरी, बाई."

तिने खुर्ची सरकवली आणि चित्र मोठं केलं.

पिचर मान खाली घालून बसला होता. पडद्यावरच्या चौकटीच्या डावीकडून एक चेंडू घरंगळत आला आणि त्याच्या बुटाला लागला. तो कसाबसा उठला. चेंडू उचलून त्याने डावीकडे फेकला.

थप्प. कुणीतरी झेलला. सत्तावीस.

"झेलणारा कधी बनवला आपण?"

"नाही बनवला." आता ती हसत नव्हती. "चौकटीबाहेर गेला की चेंडू पुसला जातो. तिकडे काहीच नाहीये."

तपासणाऱ्याने घड्याळात बघितलं. मग ताई आठवली, आणि त्याने सही केली.

पिचरने खांदा धरला, डावीकडे बघितलं आणि नको म्हणून मान हलवली.

तिकडून दोन चेंडू आले.