सासूबाईंचं वर्णन

या, जवळ सरका. एका पुसलेल्या चेहऱ्याची गोष्ट सांगतो. ओल लागून दिवंगत सासूबाईंच्या एकुलत्या एका फोटोतला चेहराच गेला होता. तो परत आणायला सून फोनमधल्या एआयला लिहायची, "प्रेमळ, शांत, हसरी आजी." दर वेळी कुणीतरी परकीच प्रकट व्हायची.

"ही कोण बया?" सासरे खट्टू झाले. "पोरी, मलाही आता तिचा चेहरा नीट आठवेना गं."

सुनेने सगळी विशेषणं खोडली आणि वीस वर्षं जे सोसलं तेच लिहिलं: "डावी भुवई वर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आता रागावणार, पण हसू ओठांत दाबलेलं."

चित्र उमटलं. मधुमेही सासऱ्यांनी झटकन हातातलं बिस्कीट पाठीमागे लपवलं.

बाबांनो, गोड खाताना त्या माउलीची आठवण ठेवा.